डाव्या बाजूची पाकळी

आमच्या घरात देव एकच होता आणि तो दगड होता. हे मी थट्टेने सांगत नाही. वीतभर उंचीचा काळा दगड, बाबांनी मुंबईला येताना गावच्या देवळाच्या आवारातून धोतरात गुंडाळून आणलेला. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत, भिंतीतल्या एका कोनाड्यात तो बसला होता. शेजाऱ्यांकडे तसबिरी होत्या, चांदीचे टाक होते. आमच्याकडे हा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण त्याला नाक-डोळे नव्हते. मैत्रिणी आल्या की मी कोनाड्यावर टॉवेल टाकायचे आणि त्या गेल्या की काढायचे.

बाबांचं घराणं गुरवांचं. गावी देवाची पूजा आणि कौल आमच्याच घरात. कौल म्हणजे देवाला विचारणं. देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आमच्याकडची माणसं लग्न, घर, विहीर, कोर्टकचेरी, सगळं त्या दोन पाकळ्यांवर सोडतात. बाबा गिरणीच्या विणाई खात्यात चार साचे, म्हणजे माग, सांभाळायचे, पण रविवारी सकाळी अर्धी चाळ आमच्या दारात चपला काढून बसलेली असायची. मुलगी त्या घरात द्यावी का, धाकट्या भावाला मुंबईला आणावं का. बाबा कोणाकडून काही घेत नसत. फक्त नारळ फुटला तर त्याची शकलं आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला यायची, त्यामुळे लोकांना भरपूर अडचणी याव्यात असं मला मनापासून वाटायचं.

पूजेची तयारी माझ्याकडे होती. दगड धुवायचा, पुसायचा, तगरीच्या फुलांच्या पाकळ्या वेगळ्या करायच्या, तांब्यात पाणी भरून ठेवायचं. धाकटी सहा वर्षांची होती. ती मदत करायची, म्हणजे निम्म्या पाकळ्या चुरगळून टाकायची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तो लांबेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पहिला महिना तर आम्हाला सणासारखा गेला. बाबा दिवसा घरी, अंगावर कापसाचा भुगा नाही, आम्हाला घेऊन गच्चीवर पत्ते खेळताहेत. मग घरातली डाळ गेली, दूध गेलं, बाबांच्या तोंडचा विडा गेला आणि शेवटी दोन वेळची पेज उरली. पातळ शिजवलेला भात, वर मीठ, आणि नशीब असेल तर भाजलेला सुका बोंबील. धाकटीला पेज आवडायची. तिला ती आवडते याचाच आईला जास्त त्रास व्हायचा.

त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीतला माणूस गुपचूप कामावर गेला. अशा माणसांना गाडीत बसवून मागच्या फाटकाने आत नेत आणि आतच ठेवत. आठवड्याने तो कपडे न्यायला घरी आला, तेव्हा चाळीतल्या बायकांनी त्याला खाली चौकात धरलं आणि त्याच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. एवढा मोठा माणूस, पण हात सोडवून घ्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर. दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कोणी बोलेना. ती नळावर आली की रांग गप्प व्हायची. एकदा तिने माझ्याकडे बघून आपला हंडा माझ्या हंड्याजवळ सरकवला आणि मी तोंड फिरवलं. मला तिचा राग आलेला नव्हता. तिचं आपल्याला लागेल अशी भीती वाटली होती.

पाऊस सरत आला तसं बाबांना बोलावणं आलं. त्यांच्या जुन्या जॉबरने, म्हणजे खात्यात माणसं लावणाऱ्या मुकादमाने, निरोप पाठवला की गुरुवारी सकाळी गाडी मागच्या फाटकाशी उभी असेल, यायचं तर ये, परत विचारणार नाही. आई म्हणाली, जा. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, देवाला विचारू. त्यावर आईचा आवाज चढला तो शेजारच्या दोन्ही खोल्यांत गेला असणार.

"देवाक कित्याक इचारतास? चेडवांच्या पोटाक इचारा."

चेडवां म्हणजे आम्ही दोघी मुली. बाबांनी ऐकलं नाही. बुधवारी सकाळी कौल लावायचा ठरला. उजवी पडली तर बाहेर राहायचं, डावी पडली तर आत जायचं.

आता मी काय केलं ते सांगते. इतकी वर्षं गेली तरी हे लिहिताना माझं अक्षर बारीक होतं. बुधवारी बाबा आंघोळीला गेले, आई नळावर होती. मी दगड धुतला, कोरडा पुसला. कालच्या पेजेचं पातेलं कोपऱ्यात होतं. त्याच्या कडेला घट्ट झालेली पेज मी बोटावर घेतली आणि दगडाच्या डाव्या अंगाला, बाबा जिथे नेहमी पाकळी लावत त्याच जागी, पातळ फासली. पेज किती धरते ते मला माहीत होतं. फाटलेल्या वह्या मी पेजेनेच चिकटवायचे.

संपाचं मला काही पडलेलं नव्हतं. कोण बरोबर, कोण चूक, हे मला कळतही नव्हतं. मला नळावर एकटीने उभं राहायचं नव्हतं. एवढंच.

धाकटीने पाहिलं. ती पाकळ्या घेऊन मागेच बसली होती. काय करतेस म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, देवाला भरवते, आणि कोणाला सांगितलंस तर तो तुला शाप देईल. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती माझं सगळं खरं मानायची.

बाबा ओलेत्याने येऊन बसले. त्यांनी दोन पाकळ्या तांब्यात बुडवून लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. नेहमी ते खड्या आवाजात, लांबलचक असायचं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले की म्हाराजा, तू आमका हय मुंबयत हाडलंस, आता वाट दाखव. उजवी पाकळी थोड्याच वेळात घसरली आणि खाली पडली. डावी जागची हलली नाही. बाबा तिच्याकडे बघत बसले, मग त्यांनी डोकं टेकवलं आणि आईला सांगितलं की बाहेरच राहायचं. आईने पेजेचं पातेलं उचललं आणि मोरीत नेऊन खसाखसा घासलं.

गुरुवारची गाडी गेली. दोन महिन्यांनी पेजेचेही वांधे झाले, तेव्हा धाकटीला गावी काकांकडे पाठवायचं ठरलं. चाळीतली एक बाई एस.टी.ने गावी निघाली होती, तिच्यासोबत. गावी निदान भात पोटभर मिळेल, असं सगळेच म्हणत होते. निघताना तिने माझी लाल रिबीन मागितली आणि मी कधी येणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, मे महिन्यात. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला हायसं वाटलं. माझं ते काम पाहिलेली ती एकटीच होती आणि ती आता लांब चालली होती. माणूस तेराव्या वर्षीही इतका नीच असू शकतो.

मार्गशीर्षात तार आली. तिला ताप भरला होता, चार दिवसांत सगळं संपलं. बाबा पोचले तेव्हा तिला पुरून दोन दिवस झाले होते. ते रिबीन घेऊन परत आले. आईने ती हातात घेतली, कोनाड्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ह्येना माझा चेडू खाल्ल्यान." त्या दिवसानंतर तिने त्या दगडाला हात जोडले नाहीत. केर काढताना ती कोनाड्याच्या बाजूला पाठ करून काढायची.

पुढे गिरणीत काही माणसांना परत घेतलं. टोकाच्या खोलीतल्या माणसाला घेतलं, बाबांना घेतलं नाही. बाबांनी भायखळ्याच्या भाजी बाजारात पोती वाहिली, मग पाठ गेल्यावर माटुंग्याला एका इमारतीत दारावर बसले. दगडाची पूजा त्यांनी एक दिवस चुकवली नाही, पण कौल बंद केला. लोक यायचे, बाबा म्हणायचे, आता नाय. लोकांनी अर्थ काढला की गुरवाचा देवावरचा विश्वास उडाला. मीही तोच काढला आणि तेही माझ्याच खात्यावर घातलं.

देव माझ्या लेखी जॉबर होता. चूक पकडली आहे, नाव लिहून घेतलं आहे, आता हाताखाली राबवून घेणार. मग मी राबले. सोमवार धरले, शनिवार धरले, पायात चपला घालायचं सोडलं, पेज सोडली, केसात फूल माळणं सोडलं. लग्नाची दोन स्थळं आली, ती मोडली. देऊळ सोडलं नाही, दर्गा सोडला नाही. गिरगावात एका छापखान्याच्या बांधणी खात्यात कामाला लागले. तिथे जाताना खोताच्या वाडीतल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावायचे. काम पुस्तकांच्या पाठींना खळ लावायचं. दिवसभर बोटं पिठाच्या खळीत. देवाने काम दिलं तेही नेमकं असं, म्हटलं याची नजर चांगलीच तीक्ष्ण आहे. रोज म्हणायचे, घे अजून, पण कधीतरी पुरे म्हण. तो कधीच पुरे म्हणाला नाही.

वीसेक वर्षं अशीच गेली. बाबांच्या छातीत कापूस बसला होता, तो शेवटी त्यांना घेऊन परळच्या इस्पितळात गेला. जनरल वॉर्ड, दुपारची भेटीची वेळ. आई डबा धुवायला नळावर गेली होती. बाबांना बोलताना धाप लागायची, म्हणून मीच काहीबाही बोलत होते, आणि बोलता बोलता ते बाहेर पडलं. पेज, बोट, डावी बाजू, धाकटीला घातलेली भीती, सगळं. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होते.

"ठावक आसा माका," बाबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांनी हात हलवून थांबवलं. थांबत थांबत त्यांनी सांगितलं की त्याच संध्याकाळी निर्माल्य काढताना पाकळी सुटेना, ती नखाने खरवडावी लागली आणि बोटाला पेज लागली. म्हणजे बुधवारी संध्याकाळीच त्यांना कळलं होतं. गाडी गुरुवारी सकाळी होती.

मग गेला का नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. बाबा म्हणाले की जायला उठलोच होतो, पिशवीही भरली होती. पण सकाळी कौलाच्या वेळी तू तांब्या धरून उभी होतीस, पाणी सांडेपर्यंत तुझे हात कापत होते, ते आठवलं. पोरीने देवाच्या अंगाला हात लावला म्हणजे ती किती भ्यायली असेल. तिला तसं भिऊ देऊन मी कुठे जाऊ? म्हणून पिशवी रिकामी केली आणि देवाला सांगितलं की मी विचारलं ते तुला, उत्तर आलं ते माझ्या लेकीच्या हाताने. आता पुढचं तुझं.

एवढं साधं कसं असू शकतं कोणी? मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, आणि धाकटी? त्यांनी डोळे मिटले.

"ताप कौल इचारून येणा नाय, बाय."

मी म्हटलं, आईला का नाही सांगितलंत? वीस वर्षं ती त्या दगडाला दोष देते आहे. त्याने तर काहीच केलं नव्हतं. केलं मी होतं.

"तुझ्यार घातला असता तर तू मोडलं असतंस," बाबा म्हणाले. "म्हणान तेच्यार घातलंय. तो मोडणा नाय."

तेवढ्यात आई डबा पुसत येताना दिसली. मला एकच प्रश्न विचारायला वेळ होता आणि मी लहान मुलीसारखा विचारला, की त्याने मला माफ केलं असेल का. बाबांना हसू आलं आणि हसण्याने खोकला आला.

"माफ करूक तो रागावलो कधी?"

त्यानंतर बाबा अकरा दिवस होते. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. मी त्यांना भरवायचे, ते खायचे, माझ्या अनवाणी पायांवरून मला चिडवायचे. एका दुपारी ते गेले.

खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं नाही, फसवल्यासारखं वाटलं. वीस वर्षांची माझी मजुरी कोणी मागितलीच नव्हती. पुरे म्हणायला तो कधी घे म्हणालाच नव्हता. तेराव्याला बायका रडत होत्या तेव्हा मी कोनाड्याकडे रागाने बघत होते. मग हळूहळू दुसरंच आठवू लागलं. या वीस वर्षांत मी रोज बाबांच्या तोंडाकडे बघून राग शोधला होता. तो सापडत नव्हता, आणि मी समजायचे की यांना ठाऊक नाही म्हणून हे गोड आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी माझ्या हातचं जेवण खाल्लं, माझ्या वेण्या ओढल्या, आजारपणात माझ्या पायांना तेल चोळलं. पोती वाहून पाठ मोडली त्या संध्याकाळीही एक वाकडा शब्द नाही. चार साचे सांभाळणाऱ्या माणसाला जर हे जमत असेल तर देवाच्या प्रेमाबद्दल मला शंका घ्यायचं कारण उरलं नाही. ते मी काही करून मिळवलेलं नव्हतं, त्यामुळे काही करून घालवलेलंही नव्हतं. मी चपला विकत आणल्या. पहिल्या दिवशी पायाला फोड आले.

पण आई अजून कोनाड्याकडे पाठ करून केर काढत होती. ते मला बघवेना. तो मोडत नाही म्हणून त्याच्यावर किती दिवस घालायचं? सांगितलं तर आई माझ्यापासून तुटेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरात आम्ही दोघीच उरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवट काय होईल ते न विचारता, कसलाही नवस न बोलता, त्या दगडाला म्हटलं की आता मीही तुझी आणि पुढचंही तुझं. आणि आईसमोर जाऊन बसले.

ती बोंबील साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. माझं बोलून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"धाकट्येक ठावक होता?"

मी म्हटलं, हो, तिने पाहिलं होतं. शापाची भीती मी घातली होती, तेही सांगितलं. आईने शेवटचा बोंबील साफ केला, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसली. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती तांब्याच्या आवाजाने. आई आंघोळ करून कोनाड्यासमोर बसली होती. तिने दगड खाली उतरवला होता आणि ती त्याला धूत होती, अंगाखांद्यावरचं लेकरू धुवावं तशी. त्याच्याशी बोलत होती. वीस वर्षांचं साठलेलं होतं, ते रोज सकाळी थोडंथोडं काढायची. बाबांचं, धाकटीचं, गावच्या घराचं. मध्ये माझंही नाव यायचं, पण ते त्याला सांगण्यापुरतं. माझ्याशी ती बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि निघून जायची. देवाला त्याचं माणूस परत मिळालं आणि माझं गेलं. मी रडले नाही असं नाही. पण जुन्या सवयीने नवस बोलायला तोंड उघडलं की मिटून घ्यायचे. पुढचं तुझं म्हटलं होतं ना, मग हेही त्यात आलं.

आठ महिने असे गेले. आईचे हात कापायला लागले होते. एका सकाळी मी कामावर निघायच्या घाईत डबा भरत होते. आई पूजेला बसली होती आणि पाकळी दगडाला लागत नव्हती, पुन्हा पुन्हा हातातून गळत होती. मी न बघितल्यासारखं केलं. मग तिने माझ्याकडे न पाहता हात मागे केला. तळहातावर तगरीची पाकळी होती.

मी जाऊन बसले. पाकळी तांब्यात बुडवली. दगडाची डावी बाजूच माझ्याकडे होती, तिथेच ती लावली, नुसत्या पाण्याने. ती क्षणभर राहिली आणि घसरून ताम्हनात पडली. मी ती उचलून परत लावायला गेले, तर आईने माझं मनगट धरलं.

"पडांदे," ती म्हणाली.

आणि तिने दुसरी पाकळी माझ्या हातात दिली.